अडॅप्टरवरच्या टेलिफोटोचे फोटो सॉफ्ट येतात, तेव्हा दोष कुठे शोधायचा

तक्रार ठरलेली असते. जुनी ३०० मिलिमीटरची मॅन्युअल लेन्स सेकंडहँड मिळाली, ती वेगळ्या कंपनीच्या बॉडीवर बसवून देणारा अडॅप्टर ऑनलाइन मागवला, छोट्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवली आणि रविवारी ठाणे खाडीकाठची ऐरोली गाठली. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फ्लेमिंगो झकास दिसतात. घरी लॅपटॉपवर शंभर टक्क्यांवर उघडले की पिसं गायब, नुसता गुलाबी कापूस. मग कोणी सांगतं अडॅप्टर चायनीज आहे, बदल. कोणी सांगतं लेन्सच गेलेली आहे. दुसरा अडॅप्टर येतो, पुढचा रविवार जातो आणि फोटो पुन्हा तसेच.

माझं मत असं की या प्रकारात अडॅप्टरवर जितका संशय घेतला जातो, तितका तो गुन्हेगार नसतो. त्याचे दोन खरे दोष आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो. पण ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात, खाडीवर किंवा येऊरच्या जंगलात सॉफ्ट आलेल्या फोटोंचं कारण बहुतेक वेळा हवा, शटर किंवा मेनूत राहून गेलेला एखादा आकडा हे असतं. पैसे खर्च करण्याआधी हे तिन्ही निस्तरून घ्या.

आधी बिघडलेला फोटो नीट बघा

‘सॉफ्ट’ म्हणून सगळं एकाच पोत्यात भरू नका. प्रत्येक दोषाची खूण वेगळी असते. फोटो शंभर टक्क्यांवर उघडा आणि पक्ष्याच्या डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका शोधा. तो ठिपका एका दिशेला ओढला गेला असेल किंवा दोन दिसत असतील, तर कॅमेरा हलला आहे. ठिपका ठीक आहे, पण सगळ्या फोटोवर पांढरट पडदा आहे, काळा रंग राखाडी झालाय, तर नको असलेला प्रकाश आत उसळतोय किंवा काचेवर बुरशी आहे. पक्षी सॉफ्ट आहे, पण त्याच्या पुढचा किंवा मागचा चिखल कुठेतरी कडक शार्प आहे, तर फोकस हुकला. आणि सलग काढलेल्या दहा फोटोंत दर वेळी वेगळा भाग शार्प येत असेल, पायांच्या सरळ रेषा नागमोडी दिसत असतील, तर ती हवा आहे. त्या फोटोंसाठी लेन्सला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

एकाच फोटोवरून निष्कर्ष काढू नका. त्याच जागेवरून, त्याच पक्ष्याची सलग दहा-पंधरा फ्रेमची मालिका काढा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा.

खाडीवरची हवा

ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. तेव्हापासून गर्दी वाढली. गर्दीतले बरेच जण नाश्ता वगैरे उरकून दहा-अकराला पोहोचतात. ओहोटीला उघडा पडलेला चिखल तोवर तापलेला असतो. तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते आणि दीडशे-दोनशे मीटरवरचा पक्षी त्या हवेतून बघावा लागतो. मायक्रो फोर थर्ड्स या छोट्या सेन्सरवर ३०० मिलिमीटरची लेन्स म्हणजे फुल फ्रेमवरच्या (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरवरच्या) ६०० मिलिमीटरइतका अरुंद कोन. इतक्या अरुंद कोनात ती थरथर सरळ मोठी होऊन दिसते. लाखांची लेन्स लावली तरी तेच होणार.

उपाय एकच, अंतर कमी करणं. पण चिखलात उतरायचं नाही. ते धोक्याचंही आहे आणि पक्षी उठवण्याचा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही. अंतर कमी करून देते ती भरती. हवामानाच्या अॅपआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडायची सवय लावा. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलभर पांगलेले असतात, दूर. पाणी चढायला लागलं की उघडा चिखल आक्रसतो आणि थवे काठाकडे, कांदळवनाच्या बाजूला सरकतात. तो वेळ कामाचा. पाणी पूर्ण भरल्यावर चिखल बुडतो आणि बरेच पक्षी नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर विसाव्याला जातात. टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे किंवा डीपीएस तलावावर मग ते तुलनेने जवळून मिळतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटींच्या वेळाही भरतीवरच ठरतात. सकाळी लवकर आणि चढती भरती असा योग जुळला, तर तुमची ‘खराब’ लेन्स अचानक सुधारलेली दिसेल.

दिशेचाही हिशोब करा. नवी मुंबईच्या काठावरून खाडीकडे तोंड केलं की आपण पश्चिमेला बघतो. म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी, संध्याकाळी थेट समोर. भांडुप-मुलुंडच्या काठावर याच्या बरोब्बर उलट. संध्याकाळी ऐरोलीहून चमकत्या पाण्यावर रोखलेल्या जुन्या लेन्सचे फोटो धुवट येणारच. त्यात अडॅप्टरचाही हात असतो, ते पुढे.

कॅमेऱ्याला लेन्स कळत नाही

साध्या अडॅप्टरला इलेक्ट्रिक संपर्क नसतात, त्यामुळे समोर किती मिलिमीटरची लेन्स आहे हे बॉडीला समजत नाही. यातून दोन घोटाळे होतात आणि हे दोनच सर्वांत जास्त फोटो वाया घालवतात.

पहिला ऑटो आयएसओचा, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्याने स्वतः ठरवण्याच्या सोयीचा. स्वतःची लेन्स असते तेव्हा कॅमेरा फोकल लेंग्थ (लेन्सचे मिलिमीटर) बघून किमान शटर स्पीड ठरवतो. ती माहितीच न मिळाल्यावर अनेक बॉडी १/६० सेकंदाच्या आसपास जाऊन बसतात. ३०० मिलिमीटरला १/६० म्हणजे हातात धरून पक्ष्याचा फोटो विसरा. मेनूत ऑटो आयएसओच्या आत किमान शटर स्पीडचा पर्याय असतो, तो स्वतः भरा. बसलेल्या पक्ष्याला १/१०००, उडत्याला १/२०००. आयएसओ वाढेल, वाढू द्या. नॉइज पुढे सॉफ्टवेअरमध्ये कमी करता येतो, हललेला फोटो येत नाही. पर्याय सापडत नसेल तर मॅन्युअल मोडवर या, शटर स्वतः लावा आणि आयएसओ ऑटोवर सोडा.

दुसरा बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनचा, म्हणजे सेन्सर सरकवून हाताचा कंप रोखण्याच्या सोयीचा. सेन्सर किती सरकवायचा हे फोकल लेंग्थवर अवलंबून असतं, त्यामुळे तो आकडा हाताने भरावा लागतो. पॅनासॉनिकच्या अनेक बॉडी अशी लेन्स लावून चालू केल्या की आकडा विचारतात, आणि आपण घाईत ओके दाबून मागच्याच आकड्याला होकार देतो. काल ५० मिलिमीटरने घरी फोटो काढले असतील, तर आज ३०० वर कॅमेरा ५०चाच हिशोब करत बसतो. कंप पुरता रोखलाच जात नाही. उलट ५०ची लेन्स लावून ३००चा आकडा राहिला, तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त उड्या मारतो आणि स्वतःच फोटो हलवतो. ऑलिम्पस, फुजी, सोनी यांच्यात हीच सोय वेगवेगळ्या नावांखाली लपलेली आहे. एकदा शोधून बटणावर किंवा झटपट मेनूत आणून ठेवा.

भरायचा आकडा लेन्सवर छापलेला. ३००ची लेन्स असेल तर ३००, क्रॉपचा गुणाकार करून ६०० नाही. मध्ये फोकल लेंग्थ दुप्पट करणारा काचवाला २ एक्स टेलिकन्व्हर्टर असेल तर मात्र ६००, आणि ती कमी करणारा ०.७१चा फोकल रिड्युसर असेल तर साधारण २१०. झूम लेन्स असेल तर तुम्ही जिथे जास्त वेळ राहता तो आकडा. शंका असेल तर थोडा कमी भरलेला बरा.

ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करून एकदा तुलना करा. बोटीत मात्र चालू ठेवा, आणि कोपर किंवा लेन्स बोटीच्या कठड्यावर टेकवू नका. इंजिनाची थरथर त्या लोखंडातून थेट काचेत येते. पाय थोडे फाकवून, कोपर पोटाला लावून बसलेलं शरीर हाच बोटीतला सगळ्यात चांगला ट्रायपॉड.

शटरचा स्वतःचा धक्काही असतो. हलक्या बॉडीवर, विशेषतः १/६० ते १/२५० च्या दरम्यान, यांत्रिक पडद्याच्या झटक्याने रेषा दुहेरी येतात. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (पहिल्या पडद्याचं काम सेन्सरवर सोपवणारी सोय) चालू केला की हा प्रकार थांबतो. ऑलिम्पसमध्ये तोच अँटी-शॉक शून्य सेकंद म्हणून आहे. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर बसलेल्या पक्ष्याला चालतं. उडणाऱ्या घारीचे पंख मात्र त्यात तिरके होऊ शकतात, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो.

आणि शटर उडतच नसेल, कॅमेरा लेन्स नाही म्हणून हटून बसला असेल, तर मेनूत ‘लेन्सशिवाय रिलीज’ची परवानगी द्यायची राहिली आहे. एवढंच.

फोकस हुकतोय की नाही

इथे आकडे समोर ठेवले की बरं पडतं. मायक्रो फोर थर्ड्सवर ३०० मिलिमीटर, अपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) एफ ४, आणि १० मीटरवर तारेवर बसलेला खंड्या. फोकसमध्ये राहणारी एकूण खोली साधारण १३ सेंटिमीटर. खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत याच्या दुप्पट. तो तुमच्याकडे तोंड करून बसला असेल तर डोळा शार्प असताना शेपटी जाणारच, ते ठीक आहे. पण शेपटी शार्प आणि डोळा गेला, तर फोटो गेला. २० मीटरवर हीच खोली अर्धा मीटर होते, म्हणून लांबचे पक्षी सोपे वाटतात.

फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या फोकस पीकिंगवर आंधळा विश्वास नको. ओला चिखल, लाटांवरची चमक, कांदळवनाच्या पानांच्या कडा, सगळं एकदम रंगतं आणि पक्षी फोकसमध्ये आहे असा भास होतो. पीकिंगची संवेदनशीलता कमीवर ठेवा. रंग लाल ठेवला असेल तर फ्लेमिंगोवर तो दिसणारच नाही, निळा किंवा पिवळा घ्या. शेवटचा निर्णय मात्र मॅग्निफिकेशनवर: एक बटण त्यालाच देऊन टाका, डोळ्यावर मोठं करा, रिंग थोडी पुढे, थोडी मागे, मग मधोमध. अर्ध्या शटरवरही स्टॅबिलायझेशन चालू राहील अशी सेटिंग असेल तर ती करून घ्या, नाहीतर मोठ्या केलेल्या चित्रात पक्षी इतका नाचतो की डोकं दुखायला लागतं.

आणखी एक सवय मोडा. लांबचा पक्षी दिसला की रिंग शेवटपर्यंत फिरवायची. बऱ्याच टेलिफोटो लेन्स अनंताच्या थोड्या पलीकडेही फिरतात, कारण उन्हाने धातू आणि काच प्रसरण पावतात, त्यासाठी जागा सोडलेली असते. शिवाय बरेच अडॅप्टर मुद्दाम किंचित कमी जाडीचे बनवलेले असतात. म्हणजे रिंग टोकाला नेली की फोकस अनंताच्याही पुढे गेलेला असतो आणि कुठलीच गोष्ट शार्प येत नाही.

आता अडॅप्टर

जाडीची भीती आधी काढून टाकू. निकॉन एफ माउंटपासून (लेन्स जिथे बसते त्या कडेपासून) फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर, मायक्रो फोर थर्ड्सचं १९.२५, म्हणून अडॅप्टर २७.२५ मिलिमीटरचा हवा. समजा तो ०.१ मिलिमीटरने जाड निघाला. ३०० मिलिमीटरच्या लेन्सचा सर्वांत लांबचा फोकस तेव्हा सुमारे ९०० मीटरवर अडतो. ९०० मीटरवरच्या पक्ष्याचा फोटो कोण काढतंय? हीच चूक २४ मिलिमीटरच्या लेन्सवर झाली तर फोकस पावणेसहा मीटरच्या पुढे जाणारच नाही. अनंताच्या फोकसची रड वाइड लेन्सवाल्यांची आहे, आपण ती उगाच अंगावर घेतो. किंचित तिरका बसणाऱ्या अडॅप्टरचंही तेच. माउंटच्या एका कडेला ०.१ मिलिमीटरचा फरक असला, तर छोट्या सेन्सरच्या टोकाला तो ०.०२ मिलिमीटरच्या आसपास उरतो आणि एफ ४ ला तेवढा खपून जातो.

खरा दोष पहिला: ढिलाई. लेन्स लावून एका हाताने बॉडी, दुसऱ्याने लेन्स धरा आणि हलकेच पिळा. टक्-टक् जाणवलं तर शटरच्या क्षणीही लेन्स हलणार. अडॅप्टरच्या कडेचे बारीक स्क्रू योग्य मापाच्या स्क्रूड्रायव्हरने आवळा, जोर लावू नका, आटे मऊ असतात. काही अडॅप्टरमधल्या पत्र्याच्या स्प्रिंग थोड्या उचलून घेतल्या की पकड घट्ट होते. आणि जड लेन्सला आधार लेन्सच्याच कॉलरवर द्या. किलोभराची लेन्स पुढे लोंबकळतेय आणि ट्रायपॉडची प्लेट इवल्याशा बॉडीखाली, ही जुळणी बघितली की माझा जीव खालीवर होतो. कॉलर नसेल तर तांदूळ भरलेली पिशवी पुरते, लेन्सच्या मध्याखाली ठेवायची.

खरा दोष दुसरा: आतली चमक. फुल फ्रेमसाठी बनलेली लेन्स मोठं गोल चित्र मागे फेकते. छोटा सेन्सर त्यातला मधला तुकडा घेतो. उरलेला प्रकाश अडॅप्टरच्या आतल्या भिंतींवर आदळतो, आणि त्या भिंतींना नुसता काळा चकचकीत रंग असेल तर तिथून उसळून सेन्सरवर पडतो. पांढरट पडदा तो हाच. तपासायला लेन्स आणि अडॅप्टर जोडा, बॉडी काढून ठेवा आणि लेन्स उजेडाच्या खिडकीकडे धरून मागच्या बाजूने आत बघा. सूर्याकडे कधीही नाही, डोळा जाईल. काचेच्या भोवती अडॅप्टरची भिंत चंद्रकोरीसारखी उजळलेली दिसली, तर रोग सापडला. चिकटणारं काळं मखमली कापड किंवा फ्लॉकिंग पेपर मापाने कापून आत लावा. माउंटच्या खाचा आणि लेन्सचा मागचा भाग यांना ते घासायला नको, आणि त्याचे तंतू सेन्सरवर पडू नयेत म्हणून कडा नीट दाबून घ्या. छोट्या सेन्सरला अरुंद कोन पुरतो, त्यामुळे लेन्सच्या पुढे मूळच्यापेक्षा लांब हूडही चालतो. काळ्या कार्डशीटचा घरगुती हूडसुद्धा संध्याकाळच्या खाडीवर डोळ्याला दिसेल इतका फरक पाडतो.

लेन्सच्या तोंडावरचा जुना यूव्ही फिल्टर आजच काढा. टेलिफोटोवर स्वस्त फिल्टर फार नुकसान करतो आणि त्याच्यावर कोणी संशयच घेत नाही.

खात्री करायची तर रात्री

घोडबंदर रोडला किंवा खारघरला राहणाऱ्यांना ही सोय फुकटात आहे. समोर कुठेतरी टॉवर उभा राहतच असतो आणि क्रेनवर दिवा असतो. गॅलरीत ट्रायपॉड लावा, दोन सेकंदांचा टायमर ठेवा, दिव्यावर मोठं करून फोकस करा. शार्प ठिपका आला तर लेन्स निर्दोष आहे, बाहेरचं कारण शोधा. ठिपक्याची रेघ झाली तर धक्का. भोवती धुरकट वलय असेल तर बुरशी किंवा परावर्तन. फ्रेमच्या अगदी मधोमध ठेवूनही एका बाजूला शेपूट फुटली तर आतली काच सरकलेली आहे आणि ते काम दुरुस्ती करणाऱ्याचं. पांढऱ्या दिव्याभोवती जांभळी-हिरवी कड दिसली तर ती त्या लेन्सची जात. रंग फाकू न देणाऱ्या ईडीसारख्या काचा नसलेल्या जुन्या लेन्समध्ये बगळ्याच्या पांढऱ्या पंखांनाही तशीच कड येते. अपर्चर एक स्टॉप (एक पायरी) बंद केल्यावर कमी होते, पूर्ण जात नाही. शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे मात्र ३०० मिलिमीटर रोखून बसू नका. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये विषय निघेल.

अपर्चर ऐकत नसेल तर

अंधारलेलं चित्र येतंय आणि लेन्स निकॉनची जी प्रकारची आहे? तिला अपर्चरची रिंग नसते, आणि साध्या अडॅप्टरवर ती सगळ्यात बारीक भोकावर बसते. स्वतःची अपर्चर रिंग असलेला अडॅप्टर घ्यावा लागेल. कॅननच्या जुन्या एफडी लेन्सचं उलट: अडॅप्टरवरची कडी ‘ओपन’ला राहिली तर रिंग कितीही फिरवा, अपर्चर उघडंच. ती ‘लॉक’ला न्या. एम ४२ म्हणजे जुन्या आट्यांच्या माउंटच्या लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचा खटका असेल तर मॅन्युअल. कॅनन ईएफचं अपर्चर विजेवर चालतं, त्यामुळे संपर्क नसलेल्या अडॅप्टरवर ते हलणारच नाही.

५०० मिलिमीटर एफ ८च्या मिरर लेन्सना अपर्चरच नसतं. खाडीवर भरपूर उन्हात त्या चालतात. येऊरच्या झाडीत, त्यातही ढगाळ दिवशी, स्वर्गीय नर्तकाच्या मागे एफ ८ घेऊन जाणं म्हणजे आयएसओशी कुस्ती. तिथे ३०० एफ ४ किंवा अगदी २०० एफ ४ घेऊन थोडं जवळ थांबलेलं बरं.

पावसाळा आणि एसी

एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून थेट खाडीकाठी बॅग उघडली की काचेवर वाफ धरते. पुढची काच आपण पुसतो, पण अडॅप्टरच्या आत, लेन्सच्या मागच्या काचेवर धरलेली वाफ कोणाला दिसत नाही आणि पहिल्या अर्ध्या तासातले सगळे फोटो धुक्यात जातात. पोहोचल्यावर बॅग बंदच ठेवून वीस-तीस मिनिटं जाऊ द्या, तोवर चहा घ्या.

बुरशीसाठी मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका टोकाने आत मारा आणि दुसऱ्या टोकाने तिरकं बघा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. थोडी असेल तर फोटोवर फारसा परिणाम दिसत नाही, उजेडासमोर मात्र कॉन्ट्रास्ट पडतो. आपल्याकडची जून ते सप्टेंबरची हवा तिला खतपाणी घालते, म्हणून लेन्स कापडी बॅगेत ठेवू नका. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. सिलिका जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. फोर्टच्या दुकानांतून जुनी लेन्स घ्यायला जाल तेव्हा टॉर्च, तुमची बॉडी आणि तुमचाच अडॅप्टर सोबत न्या, आणि दुकानदाराला दाराशी येऊन रस्त्यापलीकडच्या पाटीचा फोटो काढू द्यायला सांगा. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात.